बॉयलरसाठी स्थळं पाहणारे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंनी आयुष्यात एकही निर्णय पहिल्या बैठकीत घेतलेला नाही, आणि एकही चुकीचा घेतलेला नाही. चपला घ्यायच्या तर कळंबची सगळी दुकानं पालथी घालतात, दुकानदारालाच चप्पल घालून चालून दाखवायला लावतात आणि म्हणतात, "बघू पुढच्या बाजारी." माझ्या थोरल्या मेहुणीला पाहायला ते इतक्यांदा आले, की आमच्या सासऱ्यांनी शेवटी विचारलं, "मुलगी पसंत पडंना, का पोहेच लई पसंत पडल्यात?" मी हे चारचौघांत रंगवून सांगतो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाईट वाटतं.

आमच्या भागातल्या साखर कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट विभागाचे प्रमुख होते. मी खरेदी विभागात. बॉयलरला पाणी किती, जळणाचा बगॅस म्हणजे उसाचा चोथा किती, हवा किती हे क्षणाक्षणाला ठरवणारा प्रोसेसर म्हातारा झाला होता. ऐन हंगामात तो गप्प व्हायचा, बॉयलर ट्रिप होऊन बंद पडायचा, वाफेविना गाळप थांबायचं आणि गेटबाहेर उसाच्या गाड्या तुंबायच्या. मग साडूभाऊंना फोन. ते जेवत असले तर घास ताटात ठेवून निघायचे, लग्नात असले तर अक्षता खिशात घालून. त्यांनी प्रोसेसरचं कार्ड काढून फुंकर मारली, परत बसवलं आणि पॅनेलच्या पाठीवर थाप मारली, की तो सुरू. दुसऱ्या कुणाच्या फुंकरीनं व्हायचा नाही. मी मारून पाहिली आहे.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी नवा प्रोसेसर मंजूर झाला आणि निवड त्यांच्याकडे आली. साडूभाऊंनी स्थळं पाहायला सुरुवात केली. कंपनीचा माणूस कॅटलॉग उघडून वेग सांगू लागला की ते हात वर करायचे. "वेगाचं ऱ्हाऊ द्या. आमची वाफ काय इमानात बसून जाती व्हय? जुन्या वायरी तशाच ठिवून ह्यो नांदंल का, का आल्या आल्या येगळं बिऱ्हाड मागंल? आन् धा वर्सांनी ह्याचं कार्ड गेलं तर मिळंल का?"

"सर, तोपर्यंत नवं मॉडेल येईल."

"म्हंजी ह्यो वारलेला आसंल." नापसंत!

एखादा बरा वाटलाच, तर तो जिथं बसवलाय त्या कारखान्यात जाऊन चौकशी. शिवाय त्यांना जोडी हवी होती: एक प्रोसेसर काम करणार, दुसरा गप्प बसून त्याच्यावर नजर ठेवणार आणि पहिला पडला की त्याच क्षणी कारभार हाती घेणार. चाचणीला आलेला माणूस चहात गुंतला, की साडूभाऊ पहिल्याचं कार्ड खसकन उपटायचे. कुणाचा दुसरा उठायचाच नाही, कुणाचा आळस देत उठायचा. सगळे माघारी.

दसरा जवळ आला, बॉयलर पेटवायची वेळ झाली, फाइल माझ्या टेबलावर अडकलेली. मी चिडून म्हणालो, "साडूभाऊ, प्रोसेसर बघताय का जावई?"

"जावई रुसला तर समजूत काढाय मी हाय, पाव्हणं. ह्यो रुसंल तवा मी नसनार." मग चष्मा पुसत म्हणाले, "आसा पायजे, की कुनाला माझा नंबर लावावाच लागू नये."

शेवटच्या कंपनीचं कार्ड त्यांनी उपटलं, तेव्हा चाचणीच्या पॅनेलवरचा वाफेच्या दाबाचा काटा थरथरलासुद्धा नाही. पुन्हा उपटलं. काटा जागच्या जागी. "पसंत," म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून बाहेर गेले. मी मात्र फाइल सुटली म्हणून खुशीत होतो.

तेव्हापासून बॉयलर एकदाही अडलेला नाही. साडूभाऊ आता निवृत्त होऊन कळंबला असतात. हंगाम सुरू झाला की संध्याकाळी पँट-शर्ट घालून ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, फोन मांडीवर. मेहुणी म्हणते, "आमचा दुसरा प्रोसेसर बघा, नुसता नजर ठिवून."

मला राहवत नाही. परवा मी कारखान्यातून फोन लावला. "साडूभाऊ, पॅनेलवर लाल दिवा लागलाय."

पलीकडून उत्तर आलं, "पाव्हणं, त्या पॅनेलला लाल दिवाच न्हाय."

मी ओशाळलो. तेवढ्यात तिकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"बरं. कार्ड काढून फुकून बघितलं का?"