भिंतीवरची नवरी

लग्नघराच्या भिंती रंगवायचं माझं काम. गणपती, केळीचे खांब, हत्ती आणि मधे नवरा-नवरीची नावं. भिंगारपासून सुप्यापर्यंत कुणीही बोलावलं की मी शिडी घेऊन हजर. बाई शिडीवर चढली की गाव बघत बसतं. बसू दे.

सुप्याच्या अलीकडं एका वस्तीवर मला नवरीच्या आईनं बोलावलं. बापाला दुसरा पेंटर हवा होता म्हणे. घरातली आठवीतली पोर सकाळपासून माझ्या मागं मागं. "मावशी, नवरीला हत्तीवर बसवा. नवरा चालंल की पायी." मी हसून ब्रश तिच्याच हातात दिला. पोरीनं अशी नवरी काढली, हातात तलवार, कपाळभर कुंकू, की मला माझ्या गणपतीची लाज वाटली.

"आता ताईचं नाव सांग," मी म्हणाले.

"मला ताई न्हाई. माझंच लिवा की," म्हणत ती हत्तीची नखं रंगवायला लागली.

मी शिडीवरून खाली बघितलं. खाली शिडी बापानं धरली होती. "लिवा, लिवा. फक्त सांभाळून, ताई, पडाल," तो गोड आवाजात म्हणाला, आणि शिडी जराशी हलली.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. मान खाली घालून म्हणाली, "तारीख बी लिवा. गावाचं नाव बी. लांबून दिसलं पायजे." मला का बोलावलं ते तेव्हा उमगलं. त्या घरात तिला बोलायची सोय नव्हती.

मी सगळं ठळक लिहिलं. दरवेळी काढते तसा भिंतीचा फोटो काढला, आणि हमरस्त्याला लागल्यावर मुलांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. हळदीच्या दिवशी पोलीस आले. लग्न थांबलं, बापानं तसं लिहून दिलं. मला लई आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आठ दिवसांनी राहवेना म्हणून परत गेले. भिंतीला चुना फासला होता. पोर शाळेत गेली होती. बाप ओट्यावर बसलेला.

"फोन तुमीच केला ना?"

"हो, मीच."

"कुनी शिकवलं?"

"कुणी कशाला शिकवायला पाहिजे? मला डोळे आहेत."

तो माझ्याकडं बघतच नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होता, आणि आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता.