दोन डिक्क्यांची एक चाबी

आमच्या घरी फटफटी आली ती एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास, आणि कुलपांची भानगड सुरू झाली ती तिच्यापासूनच. त्याआधी आमच्या घराला कुलूप असं काही नव्हतंच. बोरगाव मेघेच्या कडेला आमची भाजीपाल्याची वाडी. वांगी, पालक, मेथी, सांबार. बाहेरची माणसं सांबाराला कोथिंबीर म्हणतात, म्हणोत बापडी. घरात कोणी ना कोणी असायचंच, मग कुलूप लावायचं कोणाच्या भ्यावानं? फटफटी कोण्या साहेबाची वापरलेली होती. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या डिक्क्या होत्या, आणि डावीची चाबी उजवीला चालत नव्हती.

फटफटी दोघा भावांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची आणि भासऱ्यांची. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. पहाटे दोघांपैकी एक जण भाजीच्या बोऱ्या बांधून वर्ध्याच्या बाजारात जायचा आणि दुपारी घरचं सामान घेऊन यायचा. तेल, साबण, लेकरांसाठी खाऊ, काय असेल ते डिक्कीत. आणि डिक्की उघडायची ती सासूबाईंसमोरच. फटफटी आंगणात उभी राहिली की त्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसत, पदराच्या गाठीतून दोन चाब्या काढत, आणि मग वाटप होई. शेवेची पुडी आली तर ती आधी त्यांच्या हातात, मग सगळ्यांना सारखी. मला या प्रकाराचा राग यायचा. मी नवऱ्याला म्हणायची, "माह्यासाठी एखादी क्लिपबी आणता येत नाई का तुम्हाले चोरून?" तो नुसता हसायचा.

दुसरी एक रीत होती, तिचा तर मला त्याहून राग. धाकटीनं भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचंच झालं तर कोणाच्या तरी मार्फत सांगायचं. जाऊ असली तर तिला, लेकरू असलं तर लेकराला, आणि कोणीच नसलं तर आंगणात बांधलेल्या बकरीला. हसू नका, खरंच सांगते. "बकरे, त्याइले सांग, पाणी तापलं." आणि तेही भले गृहस्थ बकरीकडेच पाहून "हाव, आलो" म्हणायचे. माझं लग्न होऊन सातआठ वर्षं झाली होती आणि त्या माणसाचा एक शब्द माझ्या नावानं आलेला नव्हता.

पण जाऊ! जाऊ माझी जाऊ नव्हतीच, बहीण होती. मी सिंदीची. रेल्वे स्टेशनाच्या रस्त्यावर माझ्या वडलांचं सायकल-दुरुस्तीचं आणि कुलूप-चाब्यांचं दुकान, तिथं बसून कुलपं खोलायला मी लहानपणीच शिकलेली. भाजीतलं मला काय कळायचं? मेथीची जुडी बांधायची तिनं शिकवली. माझ्या पहिल्या बाळंतपणात माझी धुणी तिनं धुतली. सासूबाईंनी मला बोललं की ती मागून येऊन माझ्या पाठीत गुद्दा घालायची, "चुप बस वो, बह्यताड!" आणि आम्ही दोघी तोंडात पदर धरून हसायचो. त्या घरात माझं निभलं ते तिच्यामुळे.

एका उन्हाळ्यात डाव्या डिक्कीची चाबी सासूबाईंच्या पदरातून भासऱ्यांच्या खिशात गेली. कशी गेली कोणी विचारलं नाही, पण काऊन गेली ते सगळ्यांना समजलं. ते वेगळं निघायच्या बेतात होते. एका चुलीच्या दोन चुली होणार होत्या. घर लहान, लेकरं मोठी होत चाललेली, ते काही खोटं नव्हतं. पण कोणी तोंडानं बोलेना. दुपारी फटफटी यायची, सासूबाई उजवी डिक्की उघडायच्या आणि डावीकडे पाहायच्यासुद्धा नाहीत. जेवण मात्र त्यांचं अर्ध्या भाकरीवर आलं. जाऊ माझ्या नजरेला नजर देईना. मी विचारलं तर म्हणे, "मले काय माहीत?" हिला माहीत नाही! मी दिवसभर भांडी आपटत होते.

एक दिवस सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "तुह्या बापाचा धंदाच कुलपाचा. दोन्ही डिक्क्यांले एकच चाबी करून दे. मंग पाहतेच मी काय लपवते तो."

"मी नाई करत," मी म्हटलं. "तुमचा लेक हाये, तुम्हीच विचारा त्याइले. दुसऱ्याच्या कुलपात मी त्याच्यामागं हात घालत नसते." वडलांच्या दुकानाचा तो नियमच होता, मालक समोर असल्याशिवाय कुलूप खोलायचं नाही. सासूबाईंनी लेकाला विचारलं नाही. ताठा त्यांच्यातही काही कमी नव्हता.

मग एका दुपारी त्या बहिणीला पाहायला वडनेरला गेल्या. नवरा वाडीत पाणी देत होता, जाऊ लेकरांना घेऊन वांगी तोडायला गेली होती. मी सैपाकघरात, आणि बाहेर आंगणात पत्र्यावर धाडधाड आवाज. मग भासऱ्यांचा खाकरा. मग मोठ्यानं, "बकरे, कुलपात चाबी मोडली ना बाप्पा!"

मी पदर घेऊन बाहेर आले. बकरी बाभळीच्या शेंगा खात होती.

"बकरे, त्याइले विचार, तुकडा पुरा आत हाये का भाईर दिसते?"

"पुरा आत हाये म्हणावं."

"मंग काही बिघडलं नाई म्हणा. तिकडं सरका म्हणा."

ते सरकले आणि निंबाच्या बुडाशी माझ्याकडे पाठ करून बसले. मी बारीक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आणला. चाबीचा तुकडा पूर्ण आत बसलेला असला की कुलपातल्या पत्त्या, म्हणजे चाबीनं वरखाली होणाऱ्या पितळी चकत्या, तो बरोबर जागेवर धरून ठेवतो. पेचकस लावून फिरवलं की कुलूप फिरतं. फिरलं. मी झाकण उघडलं.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा तवा होता. त्याच्याखाली पोळपाट-लाटणं, चिमटा आणि फुंकणी.

मी तवा हातात घेतला. मला इतका राग आला की तो तसाच निंबाकडे भिरकावावा असं वाटलं. आणि रागापेक्षा भ्याव जास्त होतं. ही गेली तर मी या घरात बोलायचं कोणाशी? भासऱ्यांची पाठ हलली नाही, पण कागदाचा आवाज त्यांनी ऐकला असणार. मी तवा जागेवर ठेवला. कुलूप झाकणाला आतून एका नटानं आवळलेलं होतं, तो सोडून ते काढून घेतलं. सैपाकघरातून परात आणली, तिच्यात ओला फडका अंथरला आणि कुलूप त्यावर ठेवलं. या कुलपातल्या स्प्रिंगा केसाएवढ्या असतात, सुटल्या की गेल्या. ओल्या फडक्याला चिकटून राहतात. तारेनं चाबीचा तुकडा ओढून काढला.

आता खरी अडचण होती. मोडकी चाबी तर गेली. तशीच नवी घडवायची तर वर्ध्याला कुलूपवाल्याकडे न्यावं लागणार. घरच्या घरी करायचं तर उपाय एकच. उजव्या डिक्कीची चाबी यात घालायची आणि या कुलपाच्या पत्त्या तिच्याप्रमाणे बसवायच्या. म्हणजे दोन्ही डिक्क्या एका चाबीच्या. आणि ती चाबी सासूबाईंच्या पदरात. उजवीची तशीच एक जादा चाबी घरात खिळ्याला टांगलेली असायची, पण सासूबाईंच्या धाकानं तिला कोणी हात लावत नसे.

न विचारता करून टाकता आलं असतं. त्यांना कुलपातलं काही कळत नव्हतं. सासूबाई संध्याकाळी आल्या असत्या, डिक्की उघडली असती, तवा पाहिला असता, आकांडतांडव झालं असतं, आणि कोण जाणे, जाणं टळलंही असतं. खरं सांगते, मनात आलं माझ्या. पण मालक समोर बसला होता.

"बकरे," मी म्हटलं, "त्याइले विचार, एक चाबी करू का दोन ठेवू? एक केली तर हे कुलूप आईच्याबी चाबीनं उघडीन. दोन ठेवायच्या असतीन तर वर्ध्याले घेऊन जा म्हणा."

शेंगा चघळल्याचा आवाज तेवढा येत होता. मग ते म्हणाले, "तिले सांग, एकच करजो. मी आज आईले सांगूनच देतो."

मी खिळ्यावरची चाबी काढून आणली आणि कामाला लागले. कुलपाचा पितळी गाभा बाहेर ओढून त्यात चाबी घातली. बाकीच्या पत्त्या सपाट बसल्या, दोन मात्र वर डोकावत राहिल्या. त्या दोघींची अदलाबदल करून पाहिली. एक बसली, दुसरी बसेना. तिला कानशीनं घासलं, अगदी थोडं थोडं, कारण जास्त घासलं तर कुलूप कोणत्याही चाबीला दाद देऊ लागतं. घासायचं, फुंकर मारायची, चाबी घालून पाहायचं. हात काम करत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मला माझाच राग येत होता की आपलं घर मोडायचं कामही मी इतकं नीट करून राह्यली! शेवटी गाभा परत कुलपाच्या खोळीत घातला, नट आवळला, चाबी फिरवली. खट्. उजवीला लावून पाहिली, तीही खट्.

संध्याकाळी सासूबाई आल्या. भासऱ्यांनी त्यांना पायरीवर बसवलं आणि म्हणाले, "आई, डावी डिक्की उघड. तुही चाबी लागते आता." सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या, चाबी लावली. तवा बाहेर काढला, कागद सोडला. जाऊ दारात उभी राहून रडत होती. मी वाटच पाहत होते, आता फुटतो बॉम्ब म्हणून.

सासूबाईंनी तवा उलटा-पालटा केला, बोटानं वाजवून पाहिला. "कोणं घेतला हा? तूनं? पातळ हाये. भाकर करपते याच्यावर." तशाच सैपाकघरात गेल्या आणि आमचा जाड, काळाकुट्ट तवा चुलीवरून उचलून आणला. तो जाऊच्या हातात दिला. "हा ने. लेकराइले करपलेली भाकर देऊ नोको." एवढं बोलून त्या वाडीकडे निघून गेल्या, आणि अंधार पडेपर्यंत आल्या नाहीत.

आठवड्याभरानं ते वर्ध्याला भाजीबाजाराजवळ दोन खोल्यांत गेले. फटफटी पुढेही दोघांचीच राहिली, पुष्कळ वर्षं. त्या दिवशी बैलगाडीत सामान चढलं, लेकरं चढली. जाऊ माझ्या गळ्यात पडली. ती गाडीत बसली. मी सैपाकघरात पळाले, कोणी पाहू नये म्हणून.

दारात सावली पडली. पाहिलं तर भासरे. मी घाईघाईनं पदर ओढला आणि सवयीनं इकडेतिकडे पाहिलं, मध्ये घालायला कोणी आहे का. कोणी नव्हतं. ते माझ्याकडे पाहून बोलले, सरळ.

"बाई, तिले तुह्याशिवाय करमणार नाई. येत जाजो."

मी मान वर केली. "मलेबी नाई करमणार, भाऊजी," मी म्हटलं. "तिले जपा."