विरेशचे हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, माझ्या आईलाही नाही — देवापुढं बसले की तिथंसुद्धा दुसरंच काहीतरी बोलत राहिले. मागच्या महिन्यात बिदरला आमच्यासारख्या आईबापांची बैठक झाली. दोन्ही मुलं कशी वाढवली ते सांगायला मला बोलावलं होतं. एका तरुण बाईनं विचारलं, "तुमच्या मुलाचं हात हलवणं कसं थांबलं?" मी म्हणाले, "हळूहळू, आपोआप." तिनं मान डोलावली आणि मांडीवरच्या लेकराच्या हातांकडं बघितलं. तेव्हा वाटलं, आता सांगायलाच हवं.

आम्ही भालकीचे. मी मराठी शाळेत शिकवते. विरेश आता अठराचा आहे, ईश्वरी तेराची, आणि दोघांनाही ऑटिझम आहे. दुसऱ्यांच्या घरी पहिला नंबर आला की पेढे वाटतात. आम्ही विरेशनं पहिल्यांदा 'पाणी' म्हटलं तेव्हा वाटले — सहा वर्षांचा होता. त्यानं आपली आपण चप्पल घातली, पेढे. न्हाव्याच्या खुर्चीत न रडता बसला, पेढे. सासूबाई म्हणायच्या, "हलवायाचं घर आमच्या नातवावर चालायलंय."

यातलं पुष्कळसं महानंदानं घडवलं. अशा मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण घेतलेली ती मुलगी खटकचिंचोळीहून बसनं यायची. घरी कन्नड बोलणारी. मराठी आमच्याकडं येऊन सुधारली. 'पाणी' तिनंच त्याच्या तोंडून काढलं. पेला हातात धरून ती न कंटाळता वाट बघत बसायची.

विरेश खूश झाला की दोन्ही हात खांद्यापाशी नेऊन भराभर हलवायचा. कुकरची शिट्टी झाली, भिंगरी फिरली, मी शाळेतून आले — की हात सुरू. महानंदा म्हणायची, "हलवू द्या अक्का. ते त्याचं हसणं हाय." मला पटायचं. घरात पटायचं. बस स्टँडवर लोक थांबून बघायला लागले की पटायचं नाही.

पुढं हुलसूरला नणंदेचं लग्न झालं. मांडवात विरेश माझ्याशेजारी हात मांडीवर ठेवून बसला. बाजा वाजला, तरी हात जागचे हलले नाहीत. "सुधारलंय की पोरगं," पाव्हणे म्हणाले. ह्यांचे डोळे भरून आले. घरी आल्यावर पुन्हा पेढे.

हात कसे थांबले? सांगते. पण आधी त्याच्यानंतरचं सांगते — बघा, अजूनही मी टाळतेच आहे.

ईश्वरी तेव्हा तीन वर्षांची होती. तिचंही निदान नुकतंच झालेलं. एका रविवारी सगळे स्वयंपाकघरात होतो. कुकरची शिट्टी झाली आणि ती हात हलवायला लागली, अगदी भावासारखे. विरेश उठला. त्यानं तिची मनगटं धरून खाली दाबली आणि स्पष्ट म्हणाला, "हात खाली. बांधते की न्हाई बघ."

तोवर तो एका वेळी एखादा शब्द बोलायचा, फार तर दोन. हे आख्खं बोलणं होतं, आपणहून केलेलं, बहिणीशी केलेलं. सासूबाईंनी त्याच्या तोंडात साखर घातली. "बोलायलंय की गं लेकरू," म्हणत त्या रडल्या. मी टाळ्या वाजवल्या. हो — वाजवल्या.

मग हे सावकाश म्हणाले, "'बांधते' म्हणला त्यो. ह्ये बाईमाणसाचं बोलणं हाय. कोण बांधायलंय ह्याला?"

अशी मुलं ऐकलेलं पुष्कळदा जसंच्या तसं बोलतात. मुलानं 'बांधतो' म्हणायचं असतं, हे त्याला कुठं ठाऊक? जसं कानावर पडलं होतं, तसंच त्यानं ठेवलं होतं.

ते वाक्य माझं होतं.

नणंदेच्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यात, दुपारी, हे कचेरीत आणि सासूबाई झोपलेल्या असताना, मी विरेशला मागच्या खोलीत न्यायची. दार लावून त्याची आवडती भिंगरी त्याच्यापुढं फिरवायची. तो खूश व्हायचा, हात उठायचे — आणि मी ते ओढणीनं बांधायची. सोडताना बजावायची, तेच शब्द. पहिल्यांदा तो ओरडला. नंतर नुसता रडायचा. नंतर तेही थांबलं. तो माझ्या डोळ्यांत बघत राहायचा. हा मुलगा कुणाच्या नजरेला नजर देत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी पुन्हा भिंगरी फिरवायची. शेवटी हात उठेनासे झाले. महानंदा यायच्या आत मी ओढणी घडी करून कपाटात ठेवायची. म्हणजे मला कळत होतं, नाही का?

ह्यांनी विचारलं, तेव्हा 'मी' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "महानंदा असंल."

दुसऱ्या दिवशी ती आली. ह्यांनी तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "उद्यापासून येऊ नका. लेकराला बांधायला ठेवलं न्हवतं तुम्हाला."

"मी बांधले?" तिला शब्दच नीट कळला नसावा असं वाटलं. मग तिनं आत माझ्याकडं बघितलं. "अक्का, तुमी तर सांगा की."

मी ओट्यापाशी होते. गॅसवरच्या दुधाकडं बघत राहिले. दूध अजून तापलंही नव्हतं.

ती गेली. गल्लीत आणखी एका घरी ती शिकवायची, त्यांनीही तिचं येणं बंद केलं; त्या घरच्या बाईनं मला विचारलं होतं, आणि मी तिलाही तेच सांगितलं. पुढं महानंदा लग्न होऊन ठाणाकुशनूरला गेल्याचं कानावर आलं. अजून शिकवते की सोडलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

विरेश कितीतरी दिवस तिच्या बसच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभा राहायचा. त्यानंतर बराच काळ त्याच्या बोलण्यात एका शब्दाचीही भर पडली नाही. अशा मुलांचं असंच असतं, लोक म्हणाले. मीही म्हणाले.

आज तो गिरणीतून दळण आणतो. बसच्या कन्नड पाट्या मोठ्यानं वाचतो, आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांची बस दाखवतो. परवा त्यानं सासूबाईंसाठी आपल्या हातानं चहा केला, तर आम्ही खरंच पेढे आणले. पेढा पुढं केला तेव्हा त्यानं दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर घट्ट बसला. खूश झाला की तो असाच बसतो. पेढा मला त्याच्या तोंडात घालावा लागला.

ईश्वरीचे हात मी कधी थांबवले नाहीत. लोक त्याचंही श्रेय मला देतात.

आमच्या घरी छापलेलं काहीही आलं की हे सकाळी चहाबरोबर आधी वाचतात. मी लिहिलेलं हेही छापून आलं की वाचतील. वाचू देत.

महानंदा, विरेशला तू कधीच बांधलं नाहीस. मी बांधलं होतं, आणि नाव तुझं घेतलं.