गळ्यात बुट्टी

कुत्रा खच्ची करून आणायचा हे माझ्या वडिलांनी, आप्पांनी ठरवलं. निपाणीला आमची तंबाखूची वखार होती आणि तिची राखण हा कुत्रा करी. पण माद्यांच्या मागे तो पार बोरगावपर्यंत जाऊ लागला. दोनदा डोकं फोडून घेऊन परतला. पुढच्या खेपेला तो काठीखाली मरणार, हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून आप्पांनी आणि मी त्याला मोटारीनं बेळगावच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. टाके घातल्यावर डॉक्टरांनी बजावलं, जखम कोरडी ठेवा, चाटू देऊ नका.

घरी आक्का, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, दारातच उभी होती.

"जैनाचा असून मुक्या जिवाला कापून आणलास. आता सांजच्याला बस्तीत देवापुढं कुठल्या तोंडानं जाणार रं?"

"बैल खच्ची करतोच की आपन."

"आपन न्हाय. दुसऱ्यानं केलेला इकत घेतो. लई धर्म पाळतो आपन!"

आप्पांनी कुत्र्याला उचलून आत निजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जखमेवर माश्या बसू लागल्या. आमच्या भागात बैलाच्या जखमेत किडे पडू नयेत म्हणून तंबाखूची भुकटी दाबतात. आप्पांनी वखारीतून मूठभर आणली. डॉक्टर काय म्हणाले होते, ते मी पुन्हा सांगितलं.

"त्यो बेळगावचा डाक्टर. त्याला तंबाखूचं काय ठावं? आन् चाटंना का, कुत्र्याच्या जिभंतच औषध असतंय."

दोन्ही समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या होत्या आणि वेगवेगळ्या वापरल्या तर त्यांनी फारसं कुणाचं बिघडत नव्हतं. बैलाचं तोंड तिथवर पोचत नाही. कुत्र्याचं पोचतं. दुपारपर्यंत त्यानं सगळी भुकटी चाटून साफ केली. मग तोंडातून लाळ गळू लागली, दोनदा ओकला, मागचे पाय लटपटले आणि तो भिंतीला टेकून पडला.

आप्पांनी एकदा पाहिलं आणि ओळखलं. वखारीत नवा गडी आला की पहिल्या दिवशी त्याची अशीच गत होते.

"तंबाखू लागली ह्याला," ते म्हणाले. "पानी उकळ."

पाणी निवल्यावर त्यांनी स्वतः जखम धुतली, ओल्या फडक्यानं तोंड आणि जीभ पुसली. मग भाजीची एक बुट्टी, म्हणजे लहान टोपली घेतली, तिचं बूड कोयत्यानं कापून काढलं, काठाला गोणपाट शिवलं आणि ती कुत्र्याच्या गळ्यात अडकवून सुतळीनं बांधली. आता त्याचं तोंड जखमेपर्यंत जाईना. आक्का हे सगळं बघत होती.

जगतो की नाही, हे तो काही पितो की नाही यावर होतं. आप्पा वाटीनं पाणी लावत राहिले. ते ओठावरून ओघळून जाई. दिवस मावळला. आमच्या घरात मावळतीनंतर कुणी खात नाही, चूल विझते, भांडी पालथी पडतात. कुत्र्याची भाकरीसुद्धा आक्का उजेडातच टाकी.

अंधार पडू लागला तेव्हा त्यानं मान उचलली आणि बुट्टीतून आक्काकडे बघून कूं केलं. आक्का उठली. सकाळचं तापवलेलं दूध झाकून ठेवलं होतं, ते तिनं थाळीत ओतलं आणि पाणी घातलं.

"आक्का, दिवस मावळलाय," आप्पा म्हणाले.

"नेम माझा हाय, त्याचा न्हाय. थाळी धर. बुट्टी आडवी येतीया."

आप्पांनी थाळी तिरकी धरली. बुट्टीची कड थाळीवर खडखडली. पहिले दोन घोट सांडले, तिसरा आत गेला. मग तो थाळी रिकामी होईपर्यंत थांबला नाही.

टाके निघेपर्यंत बुट्टी राहिली. दारातून जाताना ती चौकटीला आपटे आणि येणारे-जाणारे हसत. पुढे गावात कुणाच्या कुत्र्याला जखम झाली की लोक वखारीवर भुकटी मागायला येत. आप्पा भुकटी देत नसत. बूड काढलेली ती बुट्टी खुंटीवरून काढून देत आणि परत आणायला सांगत.