आप्पांच्या वहीतली राणी

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जामनगरजवळ ट्रक लावून माल उतरायची वाट बघत होतो. त्यांची मुलगी, सुनंदाताई, दौंडहून एवढंच म्हणाल्या, "नामदेवा, बाबा गेले. तुला काही पोचायला जमायचं नाही, जिवाला लावून घेऊ नको." माल उतरून परतीचा भरेपर्यंत आठवडा गेला. दौंडात शिरलो तेव्हा दहावा उरकला होता... त्याला आता महिना झाला. मी परत गुजरातेतच आहे. ढाब्यावर बसून हे लिहितोय. दमलोय फार, पण लिहायला हवं, कारण मला लिहिता-वाचता आलं ते आप्पांमुळं. आणि कसं आलं, ते सांगायचं तर माझी एक लबाडीही सांगावी लागते.

आप्पा मालगाडीवर गार्ड होते. गार्ड गाडीच्या शेवटच्या डब्यात बसतो, त्याला गाव दिसतं ते मागं पडताना. "सारी नोकरी नुसत्या गावांच्या पाठी बघितल्या," असं ते म्हणायचे. रिटायर झाले आणि डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती किती दिवस टिकेल ते बघायचं. मग आप्पांनी एक जुनी मॅटाडोर घेतली आणि शिरूरच्या एका गॅरेजात तिचं घर करून घेतलं. दोन बर्थ, स्टोव्हला खोबण, पाण्याची टाकी, खिडकीला पडदा. गॅरेजवाला हसून म्हणाला, "आप्पा, या वयात संसार टायरवर काढला व्हय?" आप्पा म्हणाले, "पावनं घर बघायला येत्यात. मी घर घेऊन बघायला जातो." जुनी देवळं, किल्ले, म्युझियमं, नजर आहे तोवर सगळं आत शिरून बघायचं होतं त्यांना. ड्रायव्हर म्हणून मला घेतलं. मी वरवंडचा, सहावीत शाळा सोडलेला. ही नव्वदनंतरची गोष्ट.

पहिल्यांदा पेडगावचा किल्ला केला. तिथं सगळं उघड्यावर, पाट्या नाहीत, आप्पा पडक्या भिंतीवरनं हात फिरवत माहिती सांगायचे. मी निर्धास्त होतो. पुढच्या खेपेला तेरला गेलो, मग सोलापूर करून विजापूर, असा बेत होता. गोल घुमट त्यांनी लहानपणी कॅलेंडरवर बघितला होता, तो डोळ्यांनी बघायचाच होता. तेरच्या संग्रहालयात काचेच्या कपाटापुढं उभे राहून ते म्हणाले, "नामदेवा, वस्तू दिसती, पण खालचं बारीक अक्षर दिसत न्हाई. वाच."

एसटीच्या पाट्या मी रंगावरनं आणि सवयीनं ओळखायचो. अक्षरं लावत बसलो तर कळणार, आणि कळलं तर नोकरी जाणार. कपाटात केस बांधलेली मातीची एक बाई होती, वीतभर. मी म्हणालो, "ही राणी हाय, आप्पा."

"कुठल्या राजाची?"

"नाव पुसलंय."

आप्पांनी स्केचपेननं मोठ्या अक्षरात वहीत लिहिलं: राणी. पुढच्या कपाटात रांजण होता, तो राणीचा तेलाचा झाला. त्यापुढं मणी होते, ते तिच्या लेकीचे. पाचव्या कपाटापर्यंत राणीला दोन पोरं झाली आणि राजा लढाईत पडला. आप्पा हळहळले. सोलापूरला सकाळी चहा घेताना म्हणाले, "वही सुनंदाला देतो. ती शाळंत पोरांना सांगंल राणीचं." ताई प्राथमिक शिक्षिका. मी कप खाली ठेवला.

"आप्पा, राणी न्हवती."

"मंग कोण हुती?"

"ठावं न्हाई. मला नीट वाचाय येत न्हाई."

त्यांनी बशीतला चहा संपवला. मला वाटलं, इथनंच घरी पाठवतील. "विजापूर ऱ्हाऊ दे," म्हणाले. "गाडी तेरला वळव."

त्या दिवशी संग्रहालय बंद होतं. एक दिवस बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी उघडल्या-उघडल्या आत गेलो आणि मी अक्षर-अक्षर लावून वाचायला लागलो. भा... ज... ले... ल्या. जोडाक्षराला अडलो की आप्पा बोटानं हवेत काढून दाखवायचे. रखवालदारानं त्यांना स्टूल आणून दिलं. माझी अर्धी सकाळ मातीच्या बाईपाशीच गेली. रेल्वेत चुकीची नोंद खोडरबरानं पुसत नाहीत, ती वाचता येईल अशी एक रेघ मारतात, शेजारी सही करतात आणि खाली खरं लिहितात. आप्पांनी राणीवर रेघ मारली, खाली 'भाजलेल्या मातीची बाई' असं लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "सही कर. चूक तुझी हाय."

संध्याकाळी त्यांचा डोळा ठणकायला लागला. तांबडाभडक झाला, उलट्या सुरू झाल्या. विजापूर सोडून दौंड गाठलं. नंतर नुसता उजेड-अंधार कळायचा त्यांना. मॅटाडोर दारातच उभी राहिली. ताई एकदा चिडून म्हणाल्या, "बाबांचं विजापूर तू खाल्लंस." खोटं नव्हतं ते. ते दोन दिवस माझ्यामुळं गेले. आप्पा कधी काही बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी मला बोलावून पेपर वाचायला लावायचे, अगदी बाजारभावासकट, आणि चुकलो की म्हणायचे, "मागं घे." गुजरातेत नोकरी लागेपर्यंत, चार वर्षं हे चाललं.

परवा पुन्हा दौंडला फेरी झाली, तेव्हा निघायच्या आधी ताईंकडं गेलो. त्यांनी आप्पांचा फोटो मोठा करून आणला होता. फोटोखाली लावायला कागद कापून ठेवला होता. "तू लिही," म्हणाल्या, "माझ्या हातानं होत नाही." मी पेन उघडलं. चांगलं चांगलं काय काय सुचत होतं, थोर, प्रेमळ, देवमाणूस... मग जेवढं मला ठाऊक आहे तेवढंच लिहिलं. आप्पा. मालगाडीचे गार्ड, दौंड. पेडगाव बघितलं, तेर दोनदा बघितलं. विजापूर राहिलं.

ताईंनी वाचलं. "हे शेवटचं कशाला रे?"

"झालं तसं लिवलंय, ताई."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन परत एकदा वाचला. मग डिंकाची बाटली आणायला आत गेल्या.