तोंडओळख

उभ्या पनवेल तालुक्यात कोरोनाला नातीगोती शिकवायला निघालेला माणूस एकच, आमचा कोन गावचा मामा. मास्क तो लावायचा, अगदी इमानेइतबारे लावायचा, पण समोरच्याशी ओळख किती हे बघून. पळस्प्याच्या नाक्यावर अनोळखी माणूस दिसला की मास्क थेट डोळ्यांपर्यंत. तोंडओळखीचा भेटला की नाकाखाली, गाववाला असला की हनुवटीवर, आणि सोयरा असला तर खिशात. "आपल्या मानसासमोर तोंड झाकाला आमी काय चोर हाव?" असं वर विचारायचा. एकदा त्याला अडवणारा हवालदार बोलता बोलता मामीच्या माहेरचा निघाला. मामाने होता तो मास्कही मानाने काढून खिशात घातला. आता रागवावं की मामीची खुशाली विचारावी, हे त्या बिचाऱ्या हवालदाराला कळेना.

दर गुरुवारी तो आईला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, त्याच्या 'बाय'ला, भेटायला आमच्याकडे यायचा. आईला जुना दमा. शेवटी धीर करून मी म्हटलं, "मामा, आईसमोर तरी मास्क लाव." त्याने चहाचा कप तसाच ठेवला. "बाय मला परकी झाली काय?" म्हणाला, आणि महिनाभर फिरकला नाही. आईने माझ्याशी अबोला धरला. माझा मात्र जीव भांड्यात पडला होता, आणि त्याचीच लाज वाटत होती.

त्याच महिन्यात त्याच्या पुतणीची हळद झाली. सगळी घरचीच माणसं, म्हणून सगळ्यांचे मास्क खिशात. आठवड्याभरात अख्खं घर तापाने आडवं झालं. हळदीला परका एकच होता, मास्क लावून वाजवणारा बेंजोवाला. तो तेवढा ठणठणीत राहिला. मामाने पंधरा दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर काढले.

बरा झाल्यावर एका गुरुवारी तो आला आणि जाळीच्या दाराबाहेरच उभा राहिला. तोंडावर एकावर एक दोन मास्क. आईला रडू फुटलं. "मला परकी केलीस रे?" तो चहा न घेताच गेला.

आता मास्क सगळेच विसरले. मामा मात्र साधी सर्दी झाली तरी खुर्ची दाराबाहेर ओढून बसतो. "आत ये रे, मला ऐकू येत नाय," आई ओरडते. तो मास्कआडूनच ओरडतो, "आज नाय बाय! शिंक आली, आन तू लई जवलची हाय!"

आईला हल्ली तेवढंही ऐकू जात नाही. मग मी तिच्या कानाशी वाकून सांगतो.