आईच्या घाऱ्यांचा रंग

आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. का सांगू नये? आई नौपाड्यातल्या एका शाळेत तीस वर्षं शिपाई होती, त्या पगारावर मी बी.एस्सी. झालेय. (सेकंड क्लास. पण क्लास कोण विचारतो!)

आईचे डोळे घारे. हिरवट-तपकिरी, मधात बुडवून काढल्यासारखे. पण लहानपणी गावातल्या पोरांनी 'मांजरी, मांजरी' करून एवढं पिडलेलं, की कॅमेरा दिसला की ती मान खाली घालते. लग्नाच्या अल्बमात बाबांच्या शेजारी नुसता एक भांग उभा आहे! आता ती रिटायर होत होती आणि निरोप समारंभाचा फोटो शाळेच्या ऑफिसात कायमचा लागणार होता. मी ठरवलं, या एका फोटोत आई वर बघणार म्हणजे बघणार!

कार्यक्रम चारला. दोन वाजता ब्युटीशियनचा फोन. "ताई, घोडबंदर रोडला अडकलेय. गाडी हलतच नाहीये!"

"बरं झालं," आई खूश. "पावडर लावते, चल."

"गप बस. मी करते. रंगांचं शास्त्र असतं." चोवीस रंगांची आयशॅडोची पेटी मी उघडली. डोळ्यांत हिरवट झाक, म्हणजे उठून दिसायला जांभळा! लावला. सढळ हाताने.

आईने आरशात बघितलं. "भरली वांगी झालीत गं."

पाण्याने पुसायला गेले, तर वांगी गालांपर्यंत उतरली. मग खोबरेल तेल. चोळून चोळून जांभळा गेला, पण पापण्या तेलाने चकचकीत आणि सुजून टम्म!

"मी येत नाही," आई म्हणाली. "आणि फोटोबिटो तर नकोच." मान परत खाली. घड्याळात पावणेतीन!

मी कल्याणच्या काकूला फोन लावला. तीन मुलींची लग्नं लावलेली बाई, तिला सगळं कळतं. आता आमच्या घरात आईच्या डोळ्यांना कुणी डोळे म्हणत नाही, नुसतं 'घारे' म्हणतात. घाईत तेच तोंडातून गेलं.

"काकू, आईच्या घाऱ्यांना रंग कुठला हवा? लवकर सांग!"

"तांबूस! दुसरा कुठला?"

"मी जांभळा केलेला गं..."

"जांभळा? करपवलेस काय, मेले!"

"आता गेला तो. पण तेल फार झालंय."

"मग कागदावर टिपून घे. फुगलेत का?"

"टम्म! दोन्ही!"

"दोनच केलेस? बाकीचे कधी करणार?" (काकू अशीच मस्करी करते.) "आणि रडतेस कशाला? फुगलेच पाहिजेत! मधे सोनेरी, कडा जरा गडद. एकदाच उलटायचं, सारखं चाळवायचं नाही."

उलटायचं म्हणजे ब्रश उलटा फिरवायचा, हे मला लगेच समजलं. शिकलेल्या माणसाला खुलासा लागत नाही!

कागद घेतला, तेल टिपलं. मधे सोनेरी, कडेला तांबूस गडद, ब्रश एकदाच उलटा. हात मागे.

आई आरशाच्या आणखी जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "अगं, हे माझे?"

शाळेत मुख्याध्यापिका बाई भाषण थांबवून बघायला लागल्या. "मावशी, तीस वर्षं हे डोळे लपवलेले कुठे?"

"तुमच्याच फरशीवर, बाई. पुसत होते ना!"

अख्खा हॉल हसला, टाळ्या पडल्या. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, इकडे!" आणि आईने बघितलं. सरळ. हसत!

मी हवेत असतानाच काकूचा फोन. "जमले का घारे?"

"जमले? अख्खी शाळा बघत राहिली!"

"नुसती बघत राहिली? खाल्ले नाहीत कुणी?"

"खायचं काय त्यात?"

"अगं, भोपळ्याचे घारे! शाळेत वाटायला तळत नव्हतीस तू?"

आईने ते ऐकलं आणि इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतलं पाणी सोनेरी होऊन गालांवर उतरलं. (फोटो आधी झालेला, म्हणून बरं!)

तो फोटो आता ऑफिसात लागलाय. आई मधोमध, ताठ मानेने, थेट तुमच्या डोळ्यांत बघतेय. तिच्या शेजारी एक बाई आहे, कॅमेरा सोडून आईकडेच बघत बसलेली. तोंड काही दिसत नाही, फक्त एक कान दिसतो आणि त्या कानावर दोन बोटांचे ठसठशीत जांभळे ठसे.

ती मेकअप आर्टिस्ट!